बायच्या शेजारची सीट

जव्हारहून मोखाड्याला जायला सगळ्यात जास्त वेळ कुणाला लागत असेल तर तो बायला. एसटी तिला मागे टाकायची, माणसं टपावर बसवलेल्या जीपा टाकायच्या, एकदा तर भाताच्या पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टरही हॉर्न देत पुढे गेला. बाय डाव्या कडेने चाळीसच्या वेगात, दोन्ही हात स्टिअरिंगवर, शिकाऊ माणसासारखी चाललेली. मोखाड्याच्या बाजारात एका म्हाताऱ्याने मला विचारलं होतं, "ती चंपियन हाय ना? मंग अशी का चालवते?" मी ते बायला सांगितलं. ती म्हणाली, "रस्त्यावर समोरून कोण येतंय ते मला माहीत नसतं. तिकडे शर्यतीत रस्ता बंद केलेला असतो. इथे कोण बंद करणार?"

तिचं खरं नाव कागदोपत्री आणि बक्षिसांवर होतं. जव्हारात ती बायच. तिचे वडील, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो, तिला बाय म्हणत आणि त्यांच्या गॅरेजमध्ये येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तेच उचलायचं. आमच्याकडे घरातल्या लाडक्या मुलीला बाय म्हणतातच. पण गावात नुसतं 'बाय आली' म्हटल्यावर कोण ते कळावं, अशी ही एकटीच. आम्ही पाचवीपासून एका बाकावर. तिच्या वह्यांना ग्रीसचा वास यायचा आणि त्यावरून तिला रोज बोलणी बसायची.

ती गाडी शिकली ती नवव्या वर्षी, आणि तीही बिघडलेल्या गाड्यांवर. जव्हारच्या कड्याजवळ एका रिसॉर्टवाल्याने पर्यटकांसाठी लहानसा गोल ट्रॅक करून सहा गो-कार्ट, म्हणजे जमिनीलगतच्या उघड्या छोट्या गाड्या, आणल्या होत्या. पर्यटक त्या टायरांच्या भिंतीवर आपटायचे आणि सोमवारी दादा जाऊन त्या दुरुस्त करायचे. दुरुस्त झालेली गाडी चालवून बघायला हलकं माणूस हवं, म्हणून बाय. तिचे पाय पोचायचे नाहीत. दादांनी पेडलना लाकडाचे ठोकळे बांधले आणि पाठीमागे गोणपाटाची घडी ठेवली. दादांची शिकवण एवढीच होती, "ब्रेक दाब आणि पाय उचल. घासत बसू नको." त्या सहाही गाड्यांची नावं बायने त्यांच्या खोडीवरून ठेवली होती. डावीकडे ओढणारी ती डावरी. ब्रेक उशिरा लागणारी ती बहिरी. चढाला रडणारी ती रडकी. ठणठणीत गाडी तिने लहानपणी कधी चालवलीच नाही. पुढे मोठ्या स्पर्धांमध्ये तिच्या हातात चांगली कार्ट आली तेव्हा म्हणाली, "हिला नावच ठेवता येईना."

रिसॉर्टवर एका रविवारी पर्यटकांची शर्यत लावली होती. एक गाडी रिकामी राहिली म्हणून मॅनेजरने गंमत म्हणून बायला बसवलं. रडकी घेऊन ती पहिली आली. हरलेल्यांमध्ये एक गृहस्थ ठाण्याकडे कार्टचा ट्रॅक चालवणारे होते. त्यांनी हसत हसत दादांना पत्ता दिला आणि पुढच्या शनिवारी दादा खरंच तिला घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले. त्यानंतर पाच-सहा वर्षं प्रत्येक शनिवारी बाप-लेक भाजीच्या टेम्पोत बसून खाली उतरायचे आणि सोमवारी पहिल्या तासाला बाय बाकावर पेंगत असायची. मी तिला कोपराने उठवायची. ती सोळाव्या वर्षी कार्टिंगमध्ये देशात पहिली आली तेव्हा आमच्या शाळेच्या फळ्यावर तिचं नाव रंगीत खडूने लिहिलं होतं, आणि ती स्वतः त्या दिवशी मलेरियाने घरी झोपून होती.

पुढे काही वर्षांनी ती ट्रॅकला कंटाळली. "तेच वळण दर मिनिटाला येतं," म्हणाली. रॅलीत वळणं संपत नाहीत. जंगलातला, मळ्यातला कच्चा रस्ता बंद करतात, एकेक गाडी सोडतात, आणि चालवणाऱ्याच्या शेजारी दुसरं माणूस बसून पुढचा रस्ता वाचून दाखवतं. ते दुसरं माणूस म्हणजे मी. मी तेव्हा जामसरच्या शाळेवर शिक्षिका होते. एका सकाळी बाय मला भेटायला आली, वर्गाच्या दाराबाहेर थांबली आणि मी हजेरी घेत होते ती ऐकत राहिली. चाळीस नावं मी एका सुरात, न अडखळता वाचली. ती म्हणाली, "मला हाच आवाज पाहिजे."

"मला गाडीतलं काही कळत नाही," मी म्हटलं.

"मला कळतं. तू फक्त हजेरी घे."

आमच्या नोट्स, म्हणजे आधी रस्ता हळू फिरून वहीत लिहिलेली वळणं, मराठीत असत. बाकीच्या गाड्यांमधून इंग्रजी ऐकू यायचं आणि आमच्यातून, 'उजवं तीन, आवळतं, मोरी, कापू नको.' आकडा लहान तितकं वळण अवघड; आवळतं म्हणजे पुढे आणखी वळणारं, कापू नको म्हणजे कोपरा आतून घेऊ नको. सराव म्हणून मी जामसरहून जव्हारला येताना जीपमध्ये वही घेऊन बसायची आणि पुटपुटायची, डावं चार, डावं चार, उजवं दोन. शेजारच्या बायका सरकून बसायच्या. एकीने मला हळूच विचारलं होतं, "बाई, कुणाचा जप करता?"

गाडीत चुकलं, घाबरले, श्वास अडकला, की हेडफोनमधून बायचे दोनच शब्द यायचे, "पुढचं वाच." एकदा आरसा उडाला. "पुढचं वाच." एकदा रस्त्यात म्हैस. "पुढचं वाच." तिला झालेल्या गोष्टीची चर्चा चालायचीच नाही. हेच सुरुवातीला मला फार आवडायचं. नंतर नंतर त्याचा शीण यायला लागला. वर्षभरात देशभर स्पर्धेच्या पाच-सहा फेऱ्या, त्यांच्या गुणांवरून वर्षाचा विजेता, त्यांच्यासाठी बिनपगारी रजा, मुख्याध्यापकांची तोंडं, दोन-दोन दिवसांचा प्रवास, परत आल्यावर न तपासलेल्या वह्यांचा ढीग. आई म्हणायची, "तिला कप मिळतात, तुला काय मिळतं?" मी वह्यांचा ढीग पुढे ओढायची आणि तपासत बसायची.

चौथ्या वर्षी दक्षिणेत कॉफीच्या मळ्यांमध्ये फेरी होती. आम्ही गुणांमध्ये दुसऱ्या होतो. हवा दमट, हातांना घाम. मी पान उलटलं आणि दोन पानं एकदम उलटली. मला ते कळलं नाही. मी वाचलं, "डावं सहा, लांब." डावं सहा म्हणजे जवळजवळ सरळ रस्ता, सोड मोकळी. समोर उजवं दोन होतं.

गाडी बांधावर चढली आणि उलटली. आम्ही पट्ट्यांना लोंबकळत होतो. इंजिन बंद झालेलं, कुठेतरी तेल ठिबकत होतं. बायने विचारलं, "मान हलते का तुझी?" हलत होती. मग ती म्हणाली, "दाखव वही." मी उलटीच तिच्यापुढे धरली. तिने बघितलं, ओलं पान अंगठ्याने दुसऱ्यापासून सोडवलं आणि वही मला परत दिली.

तिचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. अधिकारी आले, पत्रकार आले. सगळ्यांना तिने एकच सांगितलं, "माझा ब्रेक उशिरा लागला." दवाखान्यात दादा आले. जव्हारहून गाड्या बदलत बदलत, अंगावर गॅरेजचाच शर्ट. त्यांनाही तिने तेच सांगितलं. दादांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू होतीस म्हणून वाचली गं." मी मान खाली घातली.

मी ठरवलं होतं, आता पुरे. पण कसं सांगणार? जिने माझी चूक स्वतःच्या नावावर घेतली तिला 'मी दमले' म्हणायचं? जानेवारीत बाय जामसरला आली. खांदा अजून जपून हलवत होती. शेवटच्या बाकावर पोरांमध्ये बसली, तास संपेपर्यंत. मुलं बाहेर पळाल्यावर म्हणाली, "मार्चमध्ये पहिली फेरी आहे. येशील?"

मी म्हटलं, "येईन."

ते वर्ष आम्ही कसंबसं काढलं. मी प्रत्येक पानाच्या कोपऱ्याला टाचणीने चिठ्ठी लावायची म्हणजे दोन पानं चिकटायची नाहीत. बाय आता पूर्वीसारखी हसायची नाही. आम्ही बोलायचो ते फक्त आकड्यांमध्ये. तरी गुण मात्र जमत गेले. शेवटच्या फेरीला आम्ही पहिल्या होतो. पोचलो की झालं, अशी स्थिती होती. आणि शेवटच्या टप्प्यात मागच्या चाकाचं काहीतरी तुटलं. गाडी डावीकडे ओढायला लागली. मला वाटलं, संपलं. बाय म्हणाली, "अगं, ही तर डावरी." तिने पुढचे अकरा किलोमीटर त्या लंगड्या गाडीची समजूत काढत काढत नेले, वळणाच्या कितीतरी आधी उजवीकडे टेकून, ब्रेक दाबून पाय उचलत. मी वाचत होते. शेवटची ओळ वाचून झाल्यावर माझ्या तोंडून हुंदका आला, पण तो आनंदाचा होता असं मला म्हणता येणार नाही.

आमच्या गटात बाय देशाची विजेती झाली. जव्हारात उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. ताशा, गुलाल, तारपा वाजवणारे दोघे, शाळेची मुलं. सत्कारात कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. मी सुरुवात केली, "मागच्या वर्षीचा अपघात..." बायने शेजारून शांतपणे माइक काढून घेतला आणि म्हणाली, "मॅडम दमल्यात. चहा द्या त्यांना." लोक हसले.

तिसऱ्या दिवशी मी गॅरेजवर गेले. दादा जेवायला गेले होते. बाय कुणाच्या तरी जीपखाली होती, फक्त पाय दिसत होते. मी त्या पायांनाच सांगितलं, "बाय, मला आता नाही जमायचं."

पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. ती तशीच आडवी बोलली, "कधीपासून?"

"अपघातापासून."

मग ती सरकत बाहेर आली, तोंडाला तेल लागलेलं, आणि माझ्याकडे बघत राहिली. "जामसरला मी ते सांगायलाच आले होते," ती म्हणाली. "की पुरे झालं. खांदा धड उचलत नाही, जीव रमत नाही, पुरे. तू मला बघितलंस आणि खडू खाली ठेवलास. तुझं तोंड असं झालं की... मला वाटलं, आता मी थांबते म्हटलं तर ही जन्मभर समजेल की आपल्यामुळेच बाय थांबली. म्हणून तोंडातून मार्च निघालं."

"आणि मला वाटलं तुला जायचंय."

"मला वाटलं तू नाही म्हणशील."

आम्ही एकमेकींकडे बघत होतो. पूर्ण एक वर्ष. पाच फेऱ्या, तेवढे घाट, तेवढी चिखलातली गावं, दोघींनाही नको असताना. बाय जीपच्या चाकाला टेकून बसली आणि तिला हसू फुटलं, मग मलाही. दादा परत आले तेव्हा दोघी डोळे पुसत होतो. "काय झालं?" त्यांनी विचारलं. बाय म्हणाली, "काही नाही दादा. चुकून चंपियन झालो." मग तिने माझ्यासमोरच त्यांना चिकटलेल्या पानांची गोष्ट सांगितली. दादा ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "ओली वही गाडीत न्यायची नसते, पोरी," आणि हात धुवायला गेले.

त्या पावसाळ्यानंतर दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर लहान मुलांना कार्ट शिकवायचं काम बायला मिळालं. मी तिला पोचवायला कल्याणपर्यंत गेले. चेन्नईची गाडी दुपारची, आणि ती उशिरा येणार असं कळलं. आम्ही फलाटावर तिच्या बॅगेला टेकून बसलो. बोलायचं खूप काही ठरवलं होतं मी, एवढ्या वर्षांचं. डोळे कधी मिटले कळलंच नाही. जाग आली ती लोकांच्या धावपळीने. बायचं डोकं माझ्या खांद्यावर, माझं तिच्या डोक्यावर, आणि समोर गाडी उभी. उभी कसली, हलायला लागलेली. तिने बॅग उचलली आणि धावली, मी तिची पाण्याची बाटली घेऊन मागे. समोर आला तो डबा तिने धरला, तिचा नव्हता तो. दारातून ती काहीतरी ओरडली. गाडीच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. बाटली माझ्या हातातच राहिली. मी फलाटावर उभी राहून त्यातलं पाणी प्यायले आणि जव्हारची एसटी शोधायला निघाले.