दर खांबाशी थांबणारा मनोहर

पहाटे साडेपाचला मी दारात बसून बुटांच्या लेस ओढत होतो, तेवढ्यात फोन वाजला. मनोहरच्या घरचा नंबर पाहून मला आधी रागच आला. निघायला पाच मिनिटं उरलेली असताना येणारा फोन उशीर होणार हेच सांगायला येतो, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. पलीकडे शालूवहिनी होत्या, मनोहरच्या पत्नी. म्हणाल्या, "भाऊजी, आज फिराले नोका येऊ..." आणि मग जरा थांबून, "असेच या." त्या 'असेच'चा अर्थ मला दुसरा बूट चढवेपर्यंत कळला नाही. आमच्या घरांमध्ये एकच गल्ली आहे. मी पोचलो तेव्हा अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर तो बसलेला होता, मान किंचित डावीकडे कललेली, पायात बूट घातलेले. चहा पिऊन माझी वाट बघत बसला होता, तो तसाच गेला. खुर्चीखाली त्याचा कुत्रा भुऱ्या पंजांवर तोंड ठेवून पडला होता. मनोहरला जाऊन आता दीड महिना झाला. आधी चार लोकांसारखं 'फार भला माणूस होता' एवढं लिहून मोकळं व्हावं असं वाटत होतं, पण तसं लिहिलं तर मी सुटतो, आणि मला सुटायचं नाही.

मनोहर आणि मी दवनीवाड्याच्या शाळेत एका बाकावर बसत होतो. त्याचं मूळ घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. पणजोबांनी खांद्यावर माती वाहून पाळ, म्हणजे तलावाचा बांध, घातली, आजोबांनी ती राखली आणि हा पाटबंधारे खात्यात पाटकरी होऊन कालव्याचं पाणी वाटत आयुष्यभर काठाकाठानं चालला. चालण्याची त्याची एक रीत होती. दहा पावलं टाकायची आणि थांबायचं. कुठं खेकड्यानं भोक पाडलं का, कुठं माती ओली दिसते का, ते बघायचं. लहानपणी त्याच्या गावी गेलो की तो मला पाळीवरून असाच चालवायचा आणि मी वैतागायचो. माझी नोकरी नेमकी उलटी. बत्तीस वर्षं मी बस स्थानकावर शिट्टी आणि घड्याळ घेऊन गाड्या सोडल्या. एखादा ड्रायव्हर चहाचा शेवटचा घोट घेत असला तरी त्याला मी तो बशीत टाकायला लावत असे. निवृत्तीनंतर गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीला माझ्या घरामागचा प्लॉट मीच त्याला बघून दिला, आणि रोज सकाळी बरोबर फिरायचं असं ठरलं. गल्लीतून निघायचं, राईस मिलच्या भिंतीला लागून पुढं, मग धानाच्या बांध्यांमधल्या, म्हणजे भातखाचरांमधल्या, रस्त्यानं नाल्याच्या पुलापर्यंत, आणि परत. माझ्या हिशोबानं पन्नास मिनिटं.

दोन वर्षांपूर्वी त्यानं अचानक कुत्रा पाळला. जन्मात घरात मांजर येऊ न दिलेला माणूस राईस मिलच्या आवारातून मातकट रंगाचं पिल्लू उचलून घेऊन आला, तेव्हा मी खूप हसलो. पिल्लू होतं तोवर ठीक होतं. वर्षाचा झाल्यावर भुऱ्यानं जो काही उद्योग सुरू केला, त्यापायी आमचं फिरणं म्हणजे गल्लीच्या शिव्या खाण्याचा कार्यक्रम झाला. त्याचं नाक जमिनीवरून उठत नसे. विजेचा खांब, फाटकाचा कोपरा, उभ्या मोटारसायकलचं चाक, कोणाच्या दारातली सिमेंटची पोती, पानठेल्याचा पाय, प्रत्येक ठिकाणी आधी मिनिटभर हुंगायचं, मग तंगडी वर करून दोन थेंब सोडायचे, आणि लगेच पुढच्या खांबाकडे ओढ घ्यायची. मुताचा साठा संपला तरी तंगडी वर होतच असे. मनोहर साखळी ढिली सोडून शांत उभा राहायचा. "घेऊ दे न गा दिगांबर, त्याचं काम आहे थे," म्हणायचा. मी चार पावलं पुढं जाऊन घड्याळ बघायचो. गोंदियात राहणाऱ्याला गाड्यांशिवाय दुसरी उपमा सुचत नाही, म्हणून मी त्या दोघांना पॅसेंजर म्हणायला लागलो... प्रत्येक स्टेशनावर थांबणारी. पानठेल्यावरची मंडळीही मग तेच म्हणू लागली, आणि मनोहर आमच्याबरोबर हसायचा.

माझ्या जिभेचा आणखी एक पराक्रम इथंच सांगितला पाहिजे. आमच्या रस्त्यावर एक निवृत्त गुरुजी फिरायला यायचे. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यानंतर ते थोडं चालून पुलाच्या कठड्यावर बसून राहायचे. त्यांना मी मालगाडी म्हणायचो, सायडिंगला लागलेली. त्यांच्या तोंडावर नव्हे, पण मनोहरच्या समोर रोज. एकदा मनोहर म्हणाला होता, "तुले अशा लोकांसंग चालाले नाही जमणार, नाही का गा?" मी म्हणालो, मला मालगाडीमागं उभं राहायला वेळ नाही. त्या वेळी मला वाटलं, गुरुजींचा विषय संपला.

दिवाळीत भांडण झालं. कोपऱ्यावरच्या घरी नवी कार आली होती, हार घातलेली, पुढं मोठी रांगोळी. भुऱ्यानं आधी रांगोळी नाकानं पुसली आणि मग कारच्या चाकावर शिस्तीत धार सोडली. घरातली बाई बाहेर येऊन हिंदीत जे बोलली ते मनोहरला नाही, मला झोंबलं. तो हात जोडून, नळाला पाइप लावून चाक धुवायला लागला. मी त्याच्यावरच उखडलो. "उद्यापासून तू आपल्या कुत्र्यासंग फिर," मी म्हणालो, "मी माझा जातो." आणि खरंच गेलो. पंधरा दिवस मी एकटा फिरलो. पन्नासची बेचाळीस मिनिटं झाली, आणि हे मी घरी अभिमानानं सांगत होतो. परत येताना तो दुसऱ्या-तिसऱ्या खांबाशीच दिसायचा. मी हात वर करून पुढं निघून जायचो.

सोळाव्या दिवशी तो माझ्या फाटकाशी आला. कधी कोणाकडे काही न मागणारा माणूस, साखळी हातात गुंडाळत म्हणाला, "याचं हे वास घेणं बंद कसं करायचं, सांग. तुले शिस्त लावता येते." मला काय आनंद झाला होता! शिट्टी पुन्हा हातात आल्यासारखं वाटलं. आम्ही दोघं भुऱ्याला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथले तरुण डॉक्टर फार समजुतीनं बोलले. म्हणाले, हुंगणं हे त्याचं बघणं आहे, ते पूर्ण तोडू नका. निघताना एका ठरलेल्या झाडाशी त्याला मोकळं होऊ द्या, मग थोडं चालवा, मग पुन्हा पाच मिनिटं त्याच्या मनासारखं हुंगू द्या, असे चार-पाच थांबे ठेवा. नको त्या जागी तंगडी उचलायच्या आधीच हाक मारून वळवा, ऐकलं की लगेच खायला द्या, मारू नका, ओरडू नका. मी सगळं नीट ऐकलं आणि बाहेर आल्यावर त्यात दुरुस्ती केली. चार-पाच थांबे कशाला, एक पुरे. घराजवळचा कडुलिंब. तिथून सुटलं की पुलापर्यंत डायरेक्ट.

थंडीभर आम्ही त्याच्यामागं लागलो होतो. मनोहरच्या एका खिशात फुटाणे, दुसऱ्यात उकडलेल्या अंड्याचे तुकडे. साखळी आखूड धरायची, भुऱ्याचा खांदा गुडघ्याजवळ ठेवायचा, नाक खाली गेलं की 'भुऱ्या' म्हणून हाक, मान वर आली की फुटाणा. खांब जवळ आला की रस्त्याची बाजू बदलायची. पहिले काही दिवस तर आम्ही दहा पावलं पुढं आणि आठ मागं असेच चाललो. पण मनोहरचा धीर पाण्याची पाळी वाटणाऱ्याचा होता. तो दुपारी एकटाही गल्लीत सराव करायचा. माघ संपता संपता भुऱ्या असा चालायला लागला, की कोपऱ्यावरची कारवाली बाई थांबून बघू लागली. पॅसेंजरची एक्सप्रेस केली, असं मी पानठेल्यावर सगळ्यांना सांगितलं. श्रेय अर्थात माझं.

मग आम्ही पुन्हा बरोबर फिरू लागलो, आणि आता मनोहरच अडखळायला लागला. कधी बुटाची लेस सुटायची, कधी बुटात खडा जायचा, कधी बांधीतला बगळा बघायला तो उभा राहायचा. लेस तर दर सकाळी तीन-तीनदा. तो खाली बसायचा, सावकाश गाठ मारायचा, मग दुसरी लेस सोडून तीही बांधायचा. मी म्हणायचो, अरे, इतकी वर्षं कालवा सांभाळलास, तुला एक गाठ नीट मारता येत नाही? शेवटी मी बाजारात जाऊन त्याच्या मापाचे बिनलेसचे बूट आणले, पट्टी चिकटवायचे, आणि त्याच्या हातात दिले. तो त्या बुटांकडे बघत बराच वेळ हसला. इतका, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू म्हणजे बाप्पा..." एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तेच बूट घालायला लागला. गेला तेव्हाही तेच पायात होते, आणि ते मीच काढले.

तेरवी झाल्यावर दोन दिवसांनी शालूवहिनींनी मला बोलावलं. भुऱ्या अंगणात काही करत नव्हता, त्याला रोज बाहेर न्यावं लागत होतं आणि त्यांचे गुडघे चालत नव्हते. मी नेतो म्हणालो. बोलता बोलता, मनात आलं ते मी बोलून गेलो. एवढा रोज फिरणारा माणूस, हृदयाचं काही असेल अशी शंकाही कधी आली नाही. मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपासून होतं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या आणि सांगितलं होतं की फिरा, पण थांबत थांबत फिरा, दम लागू देऊ नका. "म्हणून त कुत्रा आणला, भाऊजी. कुत्र्याच्या नावानं थांबता येते, मनत होते."

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, मले काऊन नाही सांगितलं?

वहिनींना खोटं बोलता येत नाही. त्या साखळीची कडी बोटात फिरवत म्हणाल्या, "मी मनलं होतं, सांगा त्याईले. त मने, सांगीन त दिगांबर मले सोडून एकटा जाईन." मग माझा चेहरा बघून त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्या घाईघाईनं म्हणाल्या की तो शेवटचे तीन महिने फार खुश होता, तुमच्यासोबत फिरायला मिळतं म्हणून. मनोहरला गोळ्या देणारे डॉक्टरही मला नंतर म्हणाले की हे चालण्यानं झालं असं नाही, कधीही होणारच होतं. दोघांनीही मला धीर यावा म्हणूनच हे सांगितलं, हे मला कळतं. पण मरणाचा दोष माझ्यावर आहे की नाही, हा माझा प्रश्नच नाही. साठ वर्षं माझा मित्र असलेल्या माणसाला माझ्याबद्दल काय वाटत होतं, हा आहे. दम लागला हे सांगितलं तर हा थांबणार नाही, याची त्याला खात्री होती. आणि मी किती आठवून पाहिलं, तरी तो चुकत होता असं छातीवर हात ठेवून मला म्हणता येत नाही. पंधरा दिवस मी त्याला खांबाशी सोडून हात वर करत निघून गेलोच होतो.

आता रोज सकाळी मी भुऱ्याला नेतो. पहिल्या दिवशी मी ठरवून साखळी पूर्ण ढिली सोडली, खांबाशी जाऊन उभा राहिलो, म्हटलं घे बाबा, हवं तेवढं हुंग. त्यानं खांबाकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मी फाटकाशी थांबलो, पानठेल्याशी थांबलो. तेच. आम्ही त्याला इतकं पक्कं शिकवलं आहे. पानठेल्यावरच्या माणसानं मान खाली घातली. मला तिथं रडू आलं, आणि ते लपवायला मी तसाच चालू लागलो, माझ्या नेहमीच्या वेगानं.

राईस मिलच्या भिंतीशी आल्यावर माझी चाल आपोआप कमी झाली. भुऱ्यानं मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्यानंही चाल कमी केली. मी आणखी हळू झालो, तोही झाला. साखळीला कुठंही ओढ लागली नाही. मनोहरसाठी मीही एवढंच करायला हवं होतं.