कलमांच्या बागेची मोजणी
परवा लांज्याच्या स्टँडजवळ एका दुकानासमोरून जाताना ओल्या सुंभाचा वास आला आणि आमच्या कलमांच्या बागेची मोजणी आठवली. बाग डोंगराच्या उतारावर. मोजणीदाराने काढलेलं क्षेत्र वडिलांना पटेना, कारण आदल्या दिवशी त्यांनी स्वतः सुंभ टाकून मोजलं होतं आणि ते बरंच जास्त भरलं होतं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. तापलेल्या कातळावर कोळशाने त्रिकोण काढून मी चारचौघांत त्यांना शिकवलं, "बाबा, तुम्ही कर्ण मोजलात. नकाशा फक्त पाया धरतो. उतार हिशोबात येतच नाही." मोजणीदार हसला, शेजारीही हसले. वडील सुंभ गुंडाळत म्हणाले, "मग तुझ्या आयशीनं कलमांना पाणी काय सपाटीवरून वाहिलंन?" तेवढ्यात डोक्यावर कळशी घेऊन आईच वर आली. "काय झालं हसायला?" तिने धापा टाकत विचारलं. माझं गणित तेव्हा बरोबर होतं, आजही आहे. परवा त्या दुकानासमोर माझ्या हातात आईच्या गुडघ्यांचा एक्स-रे होता. नकाशाने सोडून दिलेला सगळा उतार त्यात होता.