शेपटावरची वाट

"थांबा जी," म्हणत ते उजवा हात आडवा धरायचे आणि मागचा माणूस, मग तो कोणीही असो, जागच्या जागी थांबायचा. "समोर टिटवीनं संसार मांडला हाये."

वर्धा जिल्ह्यातल्या एका धरणावर ते रोजंदारीचे चौकीदार होते. पाण्यात लांबवर शिरलेली एक टेकडी त्यांच्या राखणीला होती. मी जवळच्या गावात मास्तर. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराला वर्ग घेऊन तिथे जायचो. "तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या जमिनीला द्वीपकल्प म्हणतात," मी शिकवायचो.

"आमी शेपूट म्हन्तो," ते मागून सांगायचे. परीक्षेत अर्ध्या वर्गानं शेपूटच लिहिलं.

टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. तिनं वाटेतच घातली की हे अंड्यांभोवती गोटे मांडायचे आणि वाट तिथून वळवायचे. त्यामुळे ती वाट दरवर्षी नव्यानं वाकडी व्हायची. तिच्यावरून चालताना सकाळ कधी सरली ते कळत नसे. पाणी आणि आभाळ एका रंगाचं होऊन जाई, आणि आपण मधेच कुठेतरी तरंगतोय असं वाटे. पलीकडे चितळं पाण्यावर यायची, त्यांची पावलं वाजायची नाहीत. तुम्ही असतात तर तुम्हीही बोलणं विसरला असतात.

एका एप्रिलमध्ये मोठे साहेब जीप घेऊन आले. त्यांना टोकापर्यंत गाडीनं जायचं होतं. यांनी हात आडवा धरला.

"पुढं चिखल हाये, सायेब. गाडी फसते."

साहेब माझ्याकडे वळले. "काय हो मास्तर, चिखल आहे?"

खरं बोला म्हणून पोरांच्या हातावर छड्या मारणारा माणूस मी. "कोरडं आहे, साहेब," असं चटकन म्हणून गेलो. खरेपणानं नव्हे हो, साहेबाच्या धाकानं.

जीप सरळ गेली. टिटवी ओरडत तिच्यावर झेपा घेत राहिली. हे खाली बसून एकेक गोटा बाजूला करत होते. साहेबाशी खोटं बोलले म्हणून त्याच आठवड्यात त्यांचं काम सुटलं.

पुढे कित्येक वर्षांनी तळेगावच्या बाजारात ते वांगी विकताना दिसले. मला बघून हसले. मी वांग्यांकडेच बघत पिशवी पुढे केली. त्यांनी तीत दोन वांगी जास्तीची टाकली.

"काऊन मनाले लावून घेता, गुरुजी? अंडे मातीच्याच रंगाचे. तुमाले दिसले नसतीन."

मी "हो" म्हणालो.

चारही दिसली होती मला.