लाकडी फरशीवरचा साहेब

बसा, खालीच बसा. शहाबादी आहे, गार लागंल. ह्या जागेवर एकदा लाकडी फरशी होती, हे आता कुणाला खरं वाटत नाही. वाटू नये अशीच माझी इच्छा होती. पण तुम्ही विषय काढलाच आहे, तर ऐका. माझी फजिती मीच सांगितलेली बरी, सुनंदा सांगते तेव्हा त्यात मी फार पळतो.

तेव्हा मी गावच्या दूध सोसायटीत सेक्रेटरी होतो. गाव आमचं भूम तालुक्यात, ईट गावाजवळ, त्यातही एका बाजूला. दुष्काळाची वर्षं होती, पण पगार होता, म्हणून वस्तीच्या टोकाला दोन खोल्यांचं पक्कं घर बांधायला काढलं. घरात आई, बायको कमल आणि धाकटी बहीण सुनंदा. सुनंदा नुकतीच शाळेवर मास्तरीण म्हणून लागलेली. वडील नव्हते, त्यामुळं तिचं लग्न माझ्या अंगावर.

आणि एक सांगायचं राहिलं. बुद्धजयंतीला गावात भाषण माझंच असायचं, आणि विषय ठरलेला: भूत नसतं. दोन्ही हात वर करून सांगायचो. लोक टाळ्या वाजवायचे.

तर घराला फरशी कोणती घालायची? सगळे म्हणाले शहाबादी. पण मी एकदा सोलापूरला एका मोठ्या साहेबाच्या घरी लाकडी फरशी पाहिली होती. चालताना काय तो आवाज यायचा, टक टक, जसं काही माणसाला वजन आहे! डोक्यातून जाईना. त्याच उन्हाळ्यात कळलं, नळदुर्गाच्या बाजूला हायवेवरचा एक जुना बंगला पाडलाय आणि त्याच्या सागवानी फळ्या विकायला आहेत. गेलो. विकणारा म्हणाला, "माल एक नंबर. साहेब गेले, फळ्या राहिल्या."

मी ट्रकात घालून आणल्या. कमलनं पहिलाच प्रश्न विचारला, "साहेब गेले म्हणजे कुठं गेले?"

हे मी विचारलंच नव्हतं.

फळ्या बसवायला भूमचे हमीदभाई आले. माणूस बैलगाड्या बनवणारा, फरशी त्यांनीही कधी केली नव्हती. पण दोघांनाही उत्साह. मला भीती विंचवाची, म्हणून मी बजावून सांगितलं की भिंतीला कुठंही फट नको. ते म्हणाले, "बिच्छू क्या, बिच्छू का साया बी नहीं घुसेगा." आणि खरंच, वैशाखाच्या कोरड्या उन्हात त्यांनी फळीला फळी अशी ठोकून बसवली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, की सुई जाणार नाही. मी दिवसभर बूट घालून घरात फिरलो.

पुढं आषाढ गेला, श्रावण गेला, पाऊस नाही. भादव्यात आभाळ मात्र भरून यायचं आणि तसंच उभं राहायचं. नुसता घाम. मीठ पाझरायला लागलं, काडेपेटी ओढावी तर काडी मऊ. सोसायटीचं शेड पत्र्याचं, तिथं सकाळचं दूध दुपारपर्यंत नासायचं. म्हणून मी कॅन माझ्या पुढच्या खोलीत आणून ठेवायला लागलो. सेक्रेटरीचं घर, गार खोली. कॅनला ओली गोणपाटं गुंडाळायची, जेवायला आलो की त्यांच्यावर धुण्याभांड्याचं उरलेलं पाणी शिंपडायचं, दार ओढून घ्यायचं आणि कामाला जायचं.

आणि मग ते सुरू झालं.

एका दुपारी कमल स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसली होती. पुढच्या खोलीत कुणीतरी चाललं. खिडकीपासून दारापर्यंत, सावकाश, आणि दाराशी थांबलं. तिला वाटलं मीच परत आलो. पाण्याचा तांब्या घेऊन ती गेली. खोलीत कुणी नाही. दार मी ओढून गेलो होतो तसंच.

तिनं मला सांगितलं तेव्हा मी उंदीर म्हणालो. ती म्हणाली, उंदीर थांबून विचार करत नाही.

मग एके दिवशी मीच त्या खोलीत खुर्चीवर पेपर वाचत बसलो होतो. बाहेर वारा नाही, पान हलत नाही. पाठीमागं कर्रर्र करून फळी वाजली. मग त्याच्या अलीकडची. मग माझ्या खुर्चीच्या अगदी मागची. मी पेपर तसाच धरून बसलो, वळून बघितलं नाही. का बघू? भूत नसतंच तर बघायचं कशाला? एवढ्यात टेबलाखाली पडलेलं एक लिंबू आपोआप निघालं, खोली ओलांडत माझ्या पायाशी आलं आणि थांबलं.

मी पेपर घडी करून ठेवला आणि सोसायटीत काम आठवलं म्हणून निघालो. दार उघडेना. खालून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं. खांदा लावला तेव्हा कुठं सुटलं.

घरी कुणाला बोललो नाही. पण आईनं माझा चेहरा बघितला. म्हणाली, "छप्पन्नला आपुन देव सोडले. तवा भुतंबी सोडली, असं तूच सांगतुस न्हवं माईकवर? मग ही कुठनं आली?"

मी म्हणालो, आई, लाकूड आहे, वाजतं.

"लाकूड वाजतं व्हय. पर त्ये चालतं का?"

पुढच्या आठवड्यात खोलीच्या मधोमध एक उंचवटा आला. लांबट, एका अंगावर झोपलेल्या माणसाएवढा. सकाळी लहान वाटायचा, दुपारी मोठा. आमच्या कुत्र्यानं उंबऱ्याच्या आत पाय टाकणं सोडलं. मी उंचवट्यावर सतरंजी टाकली. सतरंजी टाकल्यावर तर तो अगदीच पांघरूण घेतल्यासारखा दिसायला लागला.

फळ्यांबरोबर बंगल्यातला साहेबही आला, असा गावात बोभाटा व्हायला किती वेळ लागतो? दूध घालायला येणाऱ्या बाया फाटकातूनच चरव्या द्यायला लागल्या. एकीनं मला विचारलं, "सेक्रेटरी, तुमचा साहेब दूध पितो का?" मी हसलो. पण त्या दिवशी मी मापात घसरलो हे खरं.

आणि नेमकं तेव्हाच कळंबहून सुनंदाला बघायला पाहुणे यायचं ठरलं. मुलगा पाटबंधाऱ्यात ओव्हरसियर, वडील एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. स्थळ चांगलं. घरात भूत आहे हे त्यांच्या कानावर गेलं असतं तर स्थळ गेलंच असतं, वर माझं भाषणही गेलं असतं. कमलला म्हणालो, त्यांना बाहेर लिंबाखाली बसवू. ती म्हणाली, बाहेर बसवलं की विचारतील, आत काय आहे?

पाहुणे दुपारच्या गाडीनं आले. कॅन कोपऱ्यात सरकवले होते. उंचवट्यावर मी घरातल्या सगळ्या उशा आणि लोड रचून ठेवले, जणू ही आमच्याकडची रीतच. सगळे भोवतीनं बसले, मधे तो. पोहे झाले. सुनंदा येऊन बसली. मुलानं तिला शाळेत कुठला वर्ग आहे ते विचारलं, तिनं सांगितलं.

तेवढ्यात खिडकीपाशी फळी वाजली. मग दुसरी. आवाज सावकाश आमच्याकडं यायला लागला. मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला.

"कोन हाय तिथं?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

"मग चालतंय कोन?"

कमलनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. माझ्या कपाळावरून घाम नाकावर आला. मग मला सुचलं तेच मी केलं, भाषण सुरू केलं. म्हणालो, दादा, माणसाचं मन जे घाबरतं ते अज्ञानामुळं, आणि एकदा का माणसानं डोळे उघडून...

बंदूक उडावी तसा आवाज झाला. उशा दोन्हीकडं गडगडल्या आणि सतरंजी मधोमध उचलली गेली. सावकाश. झोपलेला माणूस उठून बसतो तशी.

पुढचं मला नीट आठवत नाही. लोक सांगतात ते असं, की मी मुलाच्या वडिलांच्या खांद्यावर हात टेकून त्यांना ओलांडलं, दारातून निघालो, फाटकातून निघालो आणि एसटीच्या थांब्यापाशी जाऊन उभा राहिलो. एवढं मात्र मला आठवतं, की थांब्यावर मी मागं वळून बघितलं, घरचे सगळे सुखरूप बाहेर आलेत ना म्हणून. रस्त्यावर कुणीच नव्हतं. कुणी पळालंच नव्हतं.

परत यायला मी जरा वेळच घेतला. दारातून डोकावलो तर सतरंजी बाजूला, सुनंदा आणि तो मुलगा गुडघ्यावर बसून खाली वाकलेले. दोन फळ्या मोडून वर आल्या होत्या. खाली सगळी ओल, फळ्यांची खालची बाजू काळी पडलेली, आणि मधे एक गलेलठ्ठ बेडूक. सबंध तालुक्यात त्या वर्षी सुखी असा तो एकच जीव असावा.

मुलगा उठला आणि अगदी अदबीनं मला विचारायला लागला.

"हे कॅन इथं कोण ठेवतं?"

"मी."

"गोणपाटं भिजवतं कोण?"

"मीच."

"आणि भिंतीला अशा चिकटवून फळ्या कुणी बसवायला सांगितल्या?"

मी विंचवाचं सांगितलं. तो म्हणाला, लाकूड दमट हवेत फुगतं, खालून ओल मिळाली की आणखी फुगतं. भिंतीशी बोटभर जागा असती तर तिकडं सरकलं असतं. जागाच नाही, मग ते एकमेकांना रेटतं, रेटताना वाजतं, जमीन कलते, दार अडकतं आणि शेवटी वर येतं. सुनंदा म्हणाली, आमच्या शाळेच्या कपाटाचं पण असंच होतं, मला आधीच लक्षात यायला पाहिजे होतं. दोघं एकमेकांकडं बघून हसले. तिथंच जमलं म्हणा ना. आई मात्र माझ्याकडं बघत होती. बेडूक बघूनही तिचं समाधान झालं नव्हतं.

लग्न त्याच वर्षी झालं. पंचशील झालं, जेवणं झाली, निघायची वेळ आली. सुनंदाबरोबर पाठराखीण म्हणून कुणाला पाठवायचं, अशी बायकांची चर्चा चालली होती. मला भरून आलेलं. मी पुढं झालो आणि मुलाच्या वडिलांना म्हणालो, "पाठराखीण कशाला? भाऊ आहे की. मीच येतो दोन दिवस तिच्या सोबतीला."

त्यांनी माझा हात हातात घेतला. माणूस मनाचा मोठा.

"या की," ते म्हणाले. "पर मग तुमच्या सोबतीला कोन येनार, त्येबी सांगा. गाडीत तेवढी जागा धरतो."