न धुतलेले द्राक्ष

श्रीगजाननाचे स्मरण करून, नातीसह केलेल्या पहिल्या सुपरमार्केट-फेरीविषयी लिहितो. सूनबाईने ट्रॉलीची मूठ ओल्या रुमालाने पुसली, तीन वर्षांच्या गार्गीला आसनात बसवून पट्टा लावला आणि ती तांदूळ आणायला वळली. गार्गी कुरकुरू लागली, म्हणून मी शेजारच्या फळांच्या ढिगातले एक द्राक्ष तिच्या ओठांशी नेले. तिने तोंड घट्ट मिटले. मग म्हणाली,

"आबा, धुतलं कुठे? आईला तुमचं नाव सांगेन हं!"

जन्मभर सोवळ्यात पूजा केली, नैवेद्याचे फळ कधी न धुता ठेवले नाही, आणि इथे मात्र चुकलो! लाज वाटली, पण त्याहून अधिक अभिमान वाटला, नातीचा आणि तिला घडवणाऱ्या सूनबाईचाही. वाचकहो, आपल्या घरची लेकरे अशीच निरामय, सुरक्षित आणि आजोबांना दटावणारी असोत.