राघवेंद्र सरांचे कापलेले दोन मार्क

लातूरला माझं वाद्यांचं दुकान आहे. पेट्या दुरुस्त करणं हा मूळ धंदा, कीबोर्ड विकणं नंतर आलं. लोक मला शिवमूर्तीअप्पा म्हणतात. मला एका शब्दाचा भारी राग आहे, आणि तो शब्द म्हणजे ‘छान’. वाजवणारा घामाघूम होतो, ऐकणारा ‘छान’ म्हणतो आणि चपला शोधायला लागतो. अरे, छान काय? सूर छान, लय छान, की संपलं हे छान? मी हे तोंडावर विचारतो, म्हणून मला बैठकांची बोलावणी कमीच येतात.

या बाबतीत माझ्यासारखाच खवट माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे राघवेंद्र सर. इथल्या एका क्लासमध्ये ते केमिस्ट्री शिकवायचे. उंच, किंचित वाकलेले, लग्न न केलेले, आईबरोबर राहणारे. घरची जुनी पेटी घेऊन ते दुकानात आले आणि भात्याचं काम होईस्तोवर स्टुलावर बसून राहिले. मी पेटी वाजवून दाखवली. ते म्हणाले, “मधला एक सूर अजून फाटून राहिलाय.” खरंच फाटत होता. तेव्हापासून आमची दोस्ती.

रविवारची बैठक त्यांच्यामुळे सुरू झाली. मुखेडचा सत्यम नावाचा पोरगा तासाला बाकावर बोटं वाजवत होता. मोबाइलच्या कुठल्याशा गेममधली चाल. सगळ्या वर्गाला वाटलं, आता हा बाहेर जातो. सरांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, “याच्या पुढचं येतं का?” पोराला येत होतं. पुढच्या रविवारी टेस्ट सुटल्यावर सर त्याला घेऊन माझ्या दुकानाच्या माडीवर आले. मग त्याच्यामागून आणखी पोरं-पोरी आली. हॉस्टेलवाले फोन जमा करून घ्यायचे, पण डोक्यातल्या चाली कोण जमा करणार? गेममधली एखादी चाल घ्यायची आणि पेटी, बासरी, ढोलकी, कीबोर्ड, जे येत असेल त्यावर आपल्या पद्धतीनं बसवायची, एवढंच काम. खेळायला बंदी होती, वाजवायला नव्हती.

दाद द्यायची रीत सरांनी क्लासवरूनच उचलली होती. वाजवून झालं की प्रत्येकानं दहापैकी मार्क द्यायचे. कापायचे असतील तर कुठं कापले ते सांगायचं, कारण न सांगता अर्धासुद्धा कापायचा नाही. आणि ज्यानं वाजवलं त्यानं वाद घालायचा नाही. सगळं ऐकून फक्त ‘घेतलं’ म्हणायचं. एकदा सत्यमनं माझ्या कीबोर्डला नावं ठेवली, तर सर म्हणाले, “नाचता येईना अंगण वाकडं. घेतलं म्हण.” पोरगं चिडलं, पण म्हणालं. पुढच्या रविवारी तीच चाल इतकी स्वच्छ वाजवली की मीच नऊ दिले. मी नऊ देणं म्हणजे विचार करा.

सर मात्र स्वतः कधी वाजवायचे नाहीत. त्याचं कारण मला माहीत होतं. गावातल्या जुन्या माणसांना ते माहीतच होतं.

सरांना मिहिर नावाचा धाकटा भाऊ होता. भूकंपाच्या वर्षी गणपतीत त्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम भाड्यानं आणला होता. सर तेव्हा बारावीत होते. त्याच खोलीत पाठ करून बसायचे आणि मागं गेमची चाल वाजत राहायची. त्या गेममध्ये एक माणूस पळत असतो आणि वर घड्याळ उलटं चालत असतं. वेळ संपत आली की चाल एकदम जोरात पळायला लागते. मिहिर जेवायला बसला तरी तीच चाल शीळ घालून म्हणायचा आणि ताटलीवर बोटांनी ठेका धरायचा. शेवटचा टप्पा काही त्याला पार होईना. विसर्जनाला तो किल्लारीकडं मामाच्या गावी गेला आणि जाताना सांगून गेला, “आल्यावर शेवटचा टप्पा पार करतो, गेम परत देऊ नका.” त्या पहाटे मामाचं घर पडलं. आख्ख्या गावात उभं राहिलेलं घर शोधावं लागत होतं.

मिहिरचे फोटोही त्याच घरात होते, मामीला दाखवायला अल्बम तोच घेऊन गेला होता. म्हणजे मागं काय उरलं? एक चाल. तीही सरांच्या डोक्यात, केमिस्ट्रीच्या धड्यांमध्ये मिसळलेली.

ती चाल सरांनी पेटीवर बसवली, पण कितीतरी वर्षांनी. बैठकीतल्या पोरांना बघूनच त्यांना धीर आला असावा. घरी आईला, उमाबाईंना, ऐकवली. उमाबाई म्हणाल्या, “छान आहे हं.” सरांनी बदल करून पुन्हा ऐकवली. “छान आहे.” दर खेपेला तेच. माझ्याकडे येऊन सर म्हणाले, “अप्पा, आईला ती ओळखूच येईना. मिहिर तिच्या कानाशी दिवसभर तेच म्हणायचा. मग माझ्या वाजवण्यात तो का नाही? आई सत्तरीच्या पुढं गेली. तिला एकदा तरी तो ऐकवायचाय मला, त्याचं काही राहिलंय हे तिला कळू दे.” असलं बोलणारा माणूस नव्हता तो. मी हातातला पाना खाली ठेवला. मला त्यांची इतकी दया आली की मी आपला म्हणालो, “रविवारी वाजवा.”

रविवारी सरांनी पेटी पुढं ओढली. मीच आगाऊपणानं पोरांना आधी सगळी हकीकत सांगून ठेवली होती. सरांनी डोळे मिटून वाजवलं. संथ, गंभीर, एखाद्या भजनाच्या शेवटासारखं. संपलं तेव्हा दोन पोरी डोळे पुसत होत्या. मग मार्क सुरू झाले. दहा. दहा. सत्यमचेही दहा. माझ्यापाशी आलं, मीही दहा म्हणालो.

सरांनी पेटीचा भाता बंद केला. “पैकीच्या पैकी?” त्यांचा आवाज चढला. “आजवर इथं कुणाला मिळालेत? न वाचता पेपर तपासला की असे मार्क पडतात. मला तुमची कीव नको. माझं काय चुकून राहिलंय तेवढं सांगा.”

कुणी मान वर करेना. मयताच्या घरी जेवण खारट झालं तरी कुणी बोलत नाही, आमच्याकडची रीतच तशी. आम्ही सरांच्या पेटीलाही तीच रीत लावली होती.

कोपऱ्यात पुनम बसली होती. लोह्याकडच्या शेतकऱ्याची पोर, क्लासचं दुसरं वर्ष, बोलायला कमी. ती म्हणाली, “सर, मी दोन कापते.”

“कुठं?”

“त्यो गेम आमच्या काकाकडं होता, गावाकडं. लई जुना. म्या खेळलेय.” ती अडखळली, पण थांबली नाही. “तुमचं गाणं बसून राहिलंय सर. गेममधला माणूस तर पळतोय न्हवं? अन् येळ संपत आल्यावर गाणं जोरात पळतंय, त्यो भागच न्हाई. तुम्ही गाळलाय. पोरं तर त्यासाठीच खेळत्यात. तिथंच मजा हाय.”

मला वाटलं, पोरीनं नको तिथं हात घातला. सर तिच्याकडं बघत राहिले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. नियम त्यांचाच होता, वाद घालायचा नाही.

“तिथवर आलो की हात चालत नाहीत माझे,” ते एवढंच म्हणाले. मग अगदी हळू म्हणाले, “घेतलं.”

त्यानंतरचे दोन रविवार ते आले नाहीत. तिसऱ्या रविवारी मला संध्याकाळी घरी बोलावलं. उमाबाई स्वयंपाकघरात भाकरी करत होत्या. त्यांना कळू नये म्हणून आम्ही काही बोललो नाही. सर पेटीपुढं बसले. समोर रिकामी स्टीलची ताटली पडली होती, ती मी मांडीवर घेतली. ठेका धरायला काहीतरी पाहिजेच होतं.

सरांनी सुरुवात केली. या वेळी चाल उड्या मारत निघाली. तो गाळलेला भाग जवळ आला तशी त्यांची बोटं चाचरली, एक सूर निसटलाही. मी ताटली जोरात वाजवली आणि म्हणालो, “पळा सर!” आणि ते पळाले. पेटी, ताटली, सगळं एका दमात. त्या वयात त्यांच्या चेहऱ्यावर पोरासारखी घाई मी पहिल्यांदा पाहिली.

“मिह्या, बंद कर ते!” आतून उमाबाई ओरडल्या. “ताट वाढलंय, भाकरी गार होऊन राहिली!”

सरांची बोटं जागच्या जागी थांबली. माझीही थांबली.

उमाबाई दारात आल्या. हाताला पीठ तसंच होतं. आपण काय बोललो हे त्यांना बोलल्यावर कळलं होतं. त्यांनी पेटीकडं पाहिलं, माझ्या मांडीवरच्या ताटलीकडं पाहिलं, मग थोरल्या लेकाकडं. त्यांचा चेहरा मला बघवेना. या खेपेला त्या छान म्हणाल्या नाहीत. चौकटीला धरून सावकाश खाली बसल्या.

“थांबलास का?” त्या म्हणाल्या. “वाजव. त्याचा डाव पुरा होऊ दे.”