कॅसेटीला बोटं नसतात

आकाराम बँडमास्तरांचे कान तीन वर्षांपूर्वीच गेले होते, आणि अख्ख्या पाचगणीत ही गोष्ट त्यांच्या बायकोशिवाय, बनुबाईशिवाय, कुणालाही ठाऊक नव्हती.

ठार बहिरे झाले होते असं नव्हे. समोरून बोललेलं कळायचं, ढोल कळायचा, घाटातल्या एस.टी.चं इंजिन कळायचं. वरच्या पट्टीतलं तेवढं सगळं पुसून गेलं होतं. आधी पाखरं गेली. मग कुकरची शिट्टी गेली. मग एका सकाळी शाळेच्या बँडातली बासरीवाली पोरं समोर उभी राहून फुंकत होती, गाल फुगत होते, बोटं पळत होती, आणि मास्तरांना काहीच ऐकू येईना. पलटणीच्या बँडात पंधरा वर्षं क्लॅरिनेट वाजवलेला माणूस, पण त्या दिवशी घरी येऊन ढसाढसा रडला. बनुबाईनं रडू दिलं आणि मग म्हणाली, "कुणाला सांगू नगा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मूठ झाकायची रीत त्यांना पलटणीनंच शिकवली होती. परेडच्या मैदानावर वारा सुटला की सूर कुठल्या कुठं जातो. तिथं शेजाऱ्याची बोटं बघत वाजवावं लागतं. मास्तर आता पोरांची बोटं बघायला लागले. वीस पोरांच्या दोनशे बोटांत एक जरी चुकलं तरी त्यांना दिसायचं. मागच्या रांगेतली ती करंगळी कुठं गावाला गेली, असं विचारलं की पोराची गाळण उडायची. गंमत बघा, कान शाबूत होते तेव्हा त्या कानांची एवढी कीर्ती नव्हती. ते गेल्यावर ती वाढली. प्रिन्सिपल संयोगिता मॅडम पाहुण्यांना सांगायच्या की आमच्या मास्तरांसारखा कान सातारा जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. मास्तर मान खाली घालायचे आणि लोकांना तो विनय वाटायचा. रिटायर व्हायला सव्वा वर्ष राहिलं होतं. बँडमास्तर म्हणून आलो, बँडमास्तर म्हणूनच जायचं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. फार मागणं नव्हे.

आणि सत्त्याण्णवच्या जानेवारीत देवदत्तचं पत्र आलं.

देवदत्त, जयराज आणि लालासाहेब ही मास्तरांच्या हाताखालून गेलेली पोरं. आता पोरं कसली, चाळिशीला टेकलेले बाप्ये. वाईचा देवदत्त गिटार वाजवायचा, सांगलीकडच्या बागायतदाराचा जयराज ड्रम बडवायचा आणि लालासाहेब गायचा. शाळेत असतानाच त्यांनी 'तिसरी घंटा' नावाचा रॉक बँड काढला होता. सिनेमातलं वाजवायचं नाही, लग्नात वाजवायचं नाही, वाजवायचं ते स्वतःचंच, असला त्यांचा हट्ट. लोक हसले, पण बावीस वर्षं बँड टिकला आणि पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतून त्याचं नाव निघायला लागलं. आता मात्र तिघांची तोंडं तीन दिशांना झाली होती. प्रत्येकानं आपापला प्रयोग करून वेगळी कॅसेट भरली होती. पुण्याची एक कंपनी त्यातली एकच काढायला तयार होती, आणि ज्याची निघेल त्याच्याच वाटेनं पुढं सगळा बँड जाणार होता. भांडणं विकोपाला गेली. शेवटी एकाच गोष्टीवर तिघांचं जमलं, की निवाडा सरांनी करायचा. शाळेतही तिघांचं वाजलं की सरच निवाडा करायचे, आणि तो कुणी मोडायचं नाही.

पत्र वाचून मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. समोर बसून वाजवणार असते तर चिंता नव्हती, बोटं बघून त्यांनी तिघांनाही तोलून दिलं असतं. पण हे कॅसेट वाजवणार, आणि कॅसेटीला बोटं नसतात.

बनुबाई म्हणाली, न्हाई म्हणून कळवा. पण काय सांगून नाही म्हणायचं? पत्राची गोष्ट मॅडमच्या कानावर गेली होती. त्यांनी चहापाणीसुद्धा ठरवून टाकलं होतं आणि स्वतः ऐकायला येणार म्हणाल्या होत्या. शिवाय खोटं कशाला बोला, मास्तरांच्या मनाचा एक कोपरा सुखावलाही होता. बावीस वर्षांनी पोरांना आपलीच आठवण झाली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी तिघं जयराजच्या जीपनं आले. पाया पडले. बँडरूममध्ये टेबलावर टेपरेकॉर्डर मांडला, मास्तरांना मधल्या खुर्चीत बसवलं, आणि संयोगिता मॅडम कडेला ताठ बसल्या. तेवढ्यात लालासाहेबला जुना नियम आठवला: ज्याचं ऐकायचं तो दाराबाहेर. नियम मास्तरांचाच. वाजवणाऱ्याच्या तोंडाकडं बघून निवाडा वाकडा होऊ नये म्हणून त्याला व्हरांड्यात उभं करायचं. मास्तरांनी मनातल्या मनात स्वतःलाच एक शिवी हासडली. तोंड वाचून काही कळलं असतं, तर ती वाटही त्यांनी स्वतःच्या हातानं बुजवून ठेवली होती.

पहिली कॅसेट जयराजची. हलगी, आणि तिच्या मागं गुऱ्हाळाच्या इंजिनाची धडधड. ही मास्तरांना नीट ऐकू आली. टेबलाच्या लाकडातून ती कोपरापर्यंत चढली. त्यांच्या जिवात जीव आला. दुसरी लालासाहेबची. स्टँडवर माईकवरून गाड्यांची नावं पुकारतात ना, ती त्यानं खर्जात गायली होती, कोरेगाव, रहिमतपूर, औंध. निम्मी कळली, निम्मी मास्तरांनी मनानं जुळवून घेतली. दोन्ही वेळा त्यांनी कागदावर काहीबाही लिहिलं.

मग देवदत्त उठला. जाता जाता तो मास्तरांच्या खुर्चीपाशी वाकला. "सर, तीन वर्षं मिरजेला तंबोरे करणाऱ्यांकडे बसून हे केलंय," तो म्हणाला. "हे जमलं नसेल तर मी वाजवणं सोडणार आहे." आणि व्हरांड्यात जाऊन कानांवर तळवे दाबून पाठमोरा उभा राहिला.

जयराजनं कॅसेट घातली आणि बटण दाबलं.

मास्तरांना काही ऐकू आलं नाही.

सुरुवातीला थोडी कोरी पट्टी असतेच, ती सरली की येईल, असं म्हणून ते थांबले. आलं नाही. मान जरा वळवून त्यांनी उजवा कान पुढं केला. तो त्यातल्या त्यात बरा होता. काही नाही. टेबलावर तळवा टेकवला, तर टेबल मुकं. कॅसेटीची चाकं तर फिरत होती. म्हणजे वाजत होतं. बारीक, वरचं काहीतरी वाजत होतं, आणि नेमकं तिथं, जिथं त्यांचा कान मेला होता.

त्यांनी चोरून बाकीच्यांची तोंडं बघितली. लालासाहेब डोळे मिटून हळूहळू मान डोलावत होता. जयराज जमिनीकडं बघत ओठ चावत होता. मॅडम देवळात बसाव्यात तशा बसल्या होत्या. म्हणजे ऐकण्यासारखं होतं.

सुटका किती सोपी होती बघा. प्रयोग चांगला हाय, पण अजून पिकायला पाहिजे, एवढं म्हटलं की झालं. हे वाक्य कुठल्याही गाण्याला चालतं. मोठमोठे परीक्षक त्यावरच जगतात. निकाल जयराजला द्यायचा, चहा प्यायचा आणि सव्वा वर्ष काढायचं. कुणाच्या बापाला कळणार होतं?

पण हेच वाक्य मास्तरांनी एकदा स्वतः ऐकलं होतं. पलटणीत बढतीच्या परीक्षेला एकट्यानं वाजवून दाखवायचं होतं. वय बावीस. परीक्षक सुभेदार जेवून आला होता, आणि आकाराम जीव ओतून वाजवत असताना तो चक्क झोपला. जागा झाला आणि म्हणाला, अजून पिकायला पाहिजे. न ऐकता कुणाचा निकाल द्यायचा नाही, अशी शपथ आकारामनं त्या दिवशी घेतली होती. आणि आता दारातून ती पाठ दिसत होती, शर्ट घामानं चिकटलेली. काय करावं माणसानं?

पाच-सात मिनिटं गेली असतील. मास्तर उठले आणि त्यांनी टेप बंद केला. देवदत्तला आत बोलावलं. मॅडमकडं त्यांनी बघितलं नाही. बघितलं असतं तर जमलं नसतं.

"लेकरा, मला ह्यातलं काय बी ऐकू आलं न्हाई," ते म्हणाले. "माझं कान गेल्यात. तीन वर्सं झाली. वरचा सूर मला येतच न्हाई. तुझा निकाल द्यायचा मला हक्क न्हाई."

भिंतीवर शाळेच्या बँडनं तीन वर्षांत जिंकलेल्या ढाली होत्या. मॅडमची नजर तिकडं गेली आणि तिथंच अडकली.

मग जयराज चाचरत बोलला. ऐकू तर त्यालाही काही आलं नव्हतं, नुसती खरखर. त्याला वाटलं, देवदत्तचा प्रयोग म्हणजे हाच असेल. लालासाहेबनंही खाली बघत तेच कबूल केलं. देवदत्तनं पुढं होऊन कॅसेट बाहेर काढली, एक नजर टाकली आणि जयराजच्या हातात आपटली. उलटी बाजू लावली होती. कोरी.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एका कोऱ्या पट्टीपायी सव्वा लाखाची मूठ उघडून बसले होते मास्तर, आणि उघडलेली मूठ परत झाकायची कशी? हसू कुणालाच आलं नाही. जयराजनं घाईघाईनं बाजू बदलून बटण दाबलं. या वेळी सगळ्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी झालेलं मास्तरांनी बघितलं. मॅडमनी तर श्वास धरला. मास्तरांना तीही बाजू कोरीच होती.

"बंद कर," ते म्हणाले. "तंबोरा आणलाय न्हवं? आन. माझ्याम्होरं वाजव."

देवदत्तनं जीपमधून तंबोरा आणला. एका हातानं तार हलकेच छेडायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं तिला नुसतं शिवायचं. त्यातून जे बारीक सूर निघतात तेवढ्यांवरच त्यानं सगळं रचलं होतं. मास्तरांनी खुर्ची इतकी पुढं ओढली की त्यांचं नाक तारेला लागेल. त्यांनी कान सोडून दिले आणि फक्त बोटं बघितली. पापणी लवू दिली नाही. सगळं वाजवून झाल्यावर ते मागं टेकले.

"निम्मं खरं हाय," ते म्हणाले. "तितवर बोटं तारेला शोधत हुती. म्होरं ती माझ्याकडं बघाय लागली. पुण्याला जयराजची जाऊ दे. तुझं अजून झालं न्हाई."

देवदत्त पांढराफटक पडला. "तुम्हाला ऐकू येत नाही, सर," तो म्हणाला, "आणि तुम्ही मला नापास करता?"

देवदत्त ताडकन उठला आणि बाजारपेठेच्या दिशेनं चालत निघून गेला. जीपमध्येही बसला नाही. तंबोरा तिथंच भिंतीला टेकून राहिला.

सोमवारी मॅडमनी मास्तरांना बोलावलं. वाईट बाई नव्हती. शाळेचं स्टोअर सांभाळा आणि सव्वा वर्ष काढा, असं त्यांनी सुचवलं. मास्तरांनी बँडरूमची किल्ली टेबलावर ठेवली आणि नको म्हणाले. बँडमास्तर म्हणून आलो होतो, एवढंच बोलले.

मार्चमध्ये नवरा-बायको कुंडलला, भावाच्या शेजारी राहायला आली. तंबोरा बनुबाईनं जुन्या लुगड्यात गुंडाळून आणला होता. जयराजची कॅसेट निघाली, चालली, गावातल्या पोरांनी हलगीवर नाचून घेतलं. देवदत्तचं मात्र काही कळेना. जयराजला विचारलं तर तो म्हणाला, भेटतच नाही, गिटार विकली म्हणतात. मास्तरांचं अन्न गोड लागेना. किल्ली दिल्याचं दुःख त्यांनी गिळलं होतं, पण आपण बहिऱ्या कानानं एका वाजवणाऱ्याचा गळा घोटला, हे काही गिळलं जाईना. दोन-तीनदा पत्र लिहायला बसले आणि फाडून टाकलं. काय लिहिणार? निवाडा चुकला म्हणावं, तर ते खोटं होतं.

श्रावणात एका सकाळी देवदत्त दारात उभा राहिला. तंबोरा न्यायला आलोय, म्हणाला, आणि मास्तरांकडं न बघता भिंतीकडं बघत राहिला. बनुबाईनं लुगडं सोडून तंबोरा पुढं केला. तो घ्यायला त्यानं हात लांबवला, आणि मास्तरांनी ते मनगट धरलं. पंजा उजेडाकडं वळवला. बोटांच्या टोकांवर घट्टे होते, ताजे, तारेच्या खुणा उमटलेले. सोडणाऱ्या माणसाची बोटं अशी नसतात.

"बस," मास्तर म्हणाले.

देवदत्त ओसरीवर बसला. तारा जुळवायलाच त्याला पाऊण तास लागला. मग वाजवलं. मास्तर त्याच्यासमोर मांडी घालून बसले होते, बोटांवरून नजर न काढता. जिथून मागच्या वेळी ती बिघडली होती ती जागा आली, आणि बोटं कुणाकडंही न बघता तिथून पुढं गेली. अगदी शेवटपर्यंत गेली.

"आता झालं," मास्तर म्हणाले.

देवदत्तनं मान खाली घातली आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मास्तरांनी त्याला रडू दिलं. मग दाराकडं वळले. बनुबाई सूप हातात घेऊन तिथं उभी होती. पाखडायचं तिचं मघाशीच थांबलं होतं. तीन-चार वर्षांत त्यांनी तिला हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

"कसं वाजलं गं?"

बनुबाईनं थोडा विचार केला. तिला गाण्यातलं काही कळत नव्हतं.

"आवं, पहाटच्यापारी उसात पाखरं येत्यात न्हवं," ती म्हणाली, "तसं वाटलं."

मास्तर परत तंबोऱ्याकडं वळून बसले. मग देवदत्तच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "पुन्ना वाजव."